बंपरमागचा तापमापक : जागा, निगा आणि न मिटलेले वाद

मे महिना लागला की चंद्रपूर, अकोला, नागपूरकडून फोटो येऊ लागतात. फोटोत ना माणूस, ना झाड. असतो तो गाडीचा मीटर आणि त्याच्या कोपऱ्यात ४९, ५०, कधी ५२. त्या दिवशीचा वेधशाळेचा आकडा चार-पाच अंशांनी खाली असतो. मग कुणी म्हणतं वेधशाळा कमी सांगते, कुणी म्हणतं गाडीचा सेन्सर बिघडलाय. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. वेधशाळेने मोकळ्या मैदानावरची हवा मोजलेली असते, गाडीने डांबराच्या वितभर वरची. दोन्ही उपकरणं आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

प्रश्न त्या जागेचाच आहे. बाहेरचं तापमान मोजणारा हा सेन्सर गाडीत कुठे असावा, त्याची निगा कोणी आणि किती राखावी, त्याच्या आकड्यावर किती विसंबावं, यावर कंपन्या, मेकॅनिक, हवामानशास्त्रज्ञ आणि आता न्यायालयंही वेगवेगळं बोलतात. त्या सगळ्यांचं म्हणणं इथे क्रमाने मांडतो. माझा स्वतःचा कल आधीच सांगितलेला बरा: हा सेन्सर स्वतः क्वचित बिघडतो, बिघडते ती त्याची जागा. त्यामुळे तो शोधणं आणि तो सांभाळणं हे मला दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत.

फॅरेडेपासून कॅडिलॅकपर्यंत

धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. १८३३ मध्ये मायकेल फॅरेडेच्या लक्षात आलं की सिल्व्हर सल्फाइड उलटं वागतं. तापवलं की त्याचा रोध उतरतो. या उलट्या स्वभावाचा व्यवहारात उपयोग होईल असा थर्मिस्टर घडायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९३० मध्ये सॅम्युअल रुबेन या अमेरिकी संशोधकाने तो केला. आज गाडीच्या नाकाशी बसतो तो याच जातीचा. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून भाजलेला मणी, त्यावर प्लास्टिकचं टोपण, मागे दोन तारा. तापमान एका अंशाने चढलं की रोध साधारण तीन ते पाच टक्क्यांनी उतरतो. गाडीचा संगणक पाच व्होल्टचा दाब एका ठरलेल्या रोधातून पाठवतो, मण्यापाशी किती व्होल्ट उरले ते पाहतो आणि साठवलेल्या तक्त्यावरून अंश काढतो. यात हलणारा भाग नाही आणि झिजायला काही नाही.

गाडीत तो आला तो मुळात चालकाला आकडा दाखवायला नव्हे. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलांवर ‘कम्फर्ट कंट्रोल’ दिलं. चालकाने फक्त अंश ठरवायचे, गरम-थंड हवेचं मिश्रण यंत्रणेने जुळवायचं. असं जुळवायचं तर आत किती आणि बाहेर किती, हे दोन्ही यंत्रणेला कळायला हवं. आकडा पाहण्याची हौस वेगळ्या वाटेने आली. सत्तरच्या दशकात कॅडिलॅक चालकाकडच्या बाहेरच्या आरशावर छोटा तापमापक बसवून देत असे. मीटरमध्ये इलेक्ट्रॉनिक पडदे आले तेव्हा या दोन वाटा एक झाल्या. थंड देशांत त्याला तिसरं काम मिळालं. पारा तीन-चार अंशांवर आला की घंटी वाजते आणि बर्फाच्या पाकळीचं चिन्ह उजळतं. शून्याची वाट पाहत नाहीत, कारण पुलावरचा आणि सावलीतल्या वळणावरचा रस्ता हवेच्या आधी गोठतो. चौथं काम धुराच्या नियंत्रणाचं, त्याकडे पुढे येतो.

एका मण्याकडे चार कामं, आणि प्रत्येक कामाला तो वेगळ्या जागी बसलेला हवा. वादाचं मूळ इथे आहे.

नाकावर की कानावर

जपानी, कोरियन, जर्मन आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सेन्सर समोर असतो: ग्रिलच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीमागे, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, बऱ्याचदा हॉर्नच्या शेजारी छोट्या पट्टीवर. काही गाड्यांत तो बाजूला, पुढच्या चाकाकडे हवा नेणाऱ्या मार्गात असतो. तो शोधायचा तर बॉनेट उघडून वरून टॉर्च मारावा, नाही दिसला तर गाडीखाली डोकं घालून बंपरच्या आतल्या अंगाला पाहावं. दोन तारांचा कपलर आणि त्याच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा काळा दाणा दिसला की तोच. फियाट, रेनो, प्यूजो, व्होल्व्हो यांच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र तो दाराच्या आरशात असतो. आरशाच्या खालच्या अंगाला बारीक भोक किंवा फुगीर टिकली दिसते.

शोधताना गफलत होते ती त्याच्या भावंडांमुळे. इंजिनात जाणाऱ्या हवेचा सेन्सर एअर फिल्टरपाशी असतो, केबिनचा सेन्सर डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागे आणि उन्हाचा सेन्सर पुढच्या काचेच्या तळाशी. चौघेही एसीच्या किंवा इंजिनाच्या संगणकाला तापमानाविषयी काहीतरी सांगतात. काही गाड्यांत तर बाहेरचा वेगळा सेन्सर नसतोच, इंजिनात जाणाऱ्या हवेवरून अंदाज बांधला जातो. म्हणून ‘टेंपरेचर सेन्सर द्या’ एवढंच दुकानात सांगून आणलेला भाग बहुतेक वेळा परत करावा लागतो.

समोरच्या जागेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, गाडी धावत असताना ताजी हवा सगळ्यात आधी तिथेच पोचते, वायरिंग आखूड राहतं, आणि कंडेन्सरवर किती तापमानाची हवा येते हेच एसीला हवं असतं. आक्षेप असा की गाडी उभी राहिली की हीच जागा सगळ्यात वाईट. पंखा थांबल्यावर रेडिएटरची धग पुढे सरकते, खालून डांबर तापलेलं असतं, सिग्नलला पुढच्या गाडीचा धूर थेट तोंडावर येतो. आरशाची जागा इंजिनापासून दूर आणि रस्त्यापासून मीटरभर उंच, त्यामुळे ती वेधशाळेच्या कल्पनेच्या जवळ जाते. पण काळ्या आरशावर बाराचं ऊन पडलं की आतली पोकळी भट्टी होते. अरुंद गल्लीत आरसा आपटून तुटतो, त्याच्या जागी स्वस्तातला बसवतात आणि त्यात सेन्सरच नसतो. शिवाय दार रोज उघडून-मिटून बिजागरीपाशी रबरी नळीतल्या तारा तुटतात.

दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे आहेत. मला वाटतं, आपल्याकडच्या वाहतुकीत, जिथे गाडी पळते त्यापेक्षा जास्त वेळ खोळंबते, तिथे आरशाच्या जागेला जितकं वजन मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही. पण आपल्या शहरांत रोज किती आरसे फुटतात हे पाहिलं की समोरची जागा निवडणाऱ्या अभियंत्याचंही पटतं.

दिसतो तो आकडा मोजलेलाच असतो का

नसतो, आणि ग्राहकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मीटरवर येण्याआधी आकडा गाळला जातो. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू जात असताना सेन्सरने चढता आकडा दिला तर संगणक तो मानत नाही. ही इंजिनाची धग असेल असं धरून तो जुनाच आकडा धरून ठेवतो. वेग घेतल्यावर थोडा थोडा चढू देतो. उतरता आकडा मात्र लगेच मानतो, कारण गरम इंजिनाजवळ खोटी थंडी येणार कुठून? गाडी सुरू करताना इंजिन अजून गरम असेल तर बंद करतानाचाच आकडा पुन्हा दाखवतात, इंजिन पूर्ण निवलेलं असेल तरच सेन्सरवर लगेच विश्वास ठेवतात. प्रत्येक कंपनीच्या वेगाच्या आणि वेळेच्या मर्यादा वेगळ्या, पण रचना साधारण हीच.

याच्या समर्थकांचं म्हणणं सरळ आहे. न गाळलेला आकडा दाखवला तर पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबलेल्या गाडीचा मीटर ५५ दाखवेल आणि एसी विनाकारण जोर लावेल. विरोधक, आणि यांत स्वतंत्र मेकॅनिक जास्त, म्हणतात की गाळणी असू द्या, पण ती लपवू नका. सेन्सर बदलल्यावरही मीटरवर जुना आकडा बसून राहतो, ग्राहकाला वाटतं फसवलं, आणि चांगला सेन्सर पुन्हा काढला जातो. स्कॅनरवर कच्चा आणि गाळलेला असे दोन्ही आकडे दिसले तर हा घोळ मिटेल. काही कंपन्या ते दाखवतात, काही नाही.

मुळात या आकड्याच्या अचूकतेवर बंधन नाही. वेगमापकासाठी संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. बाहेरच्या तापमानाला असा नियम लागू नाही.

बिघाड कसा ओळखतात

इथे थोडं स्वतःचं सांगतो. एका दुचाकीच्या धक्क्याने माझ्या गाडीचा पुढचा बंपर चिरला. बंपर बदलला, रंग जुळला, विम्याचे कागदही झाले. डिसेंबरातल्या एका पहाटे साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात काच खाली केली तर बोटं गारठत होती आणि मीटर ३४ दाखवत होता. गावी पोचल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. मी नवा सेन्सर मागवायच्या गोष्टी करत होतो. तो काही न बोलता गोणपाट अंथरून बंपरखाली आडवा झाला, टॉर्च तोंडात धरला आणि दोन बोटं आत घालून चाचपत राहिला. मग म्हणाला, “दादा, सेन्सर बरा हाय. त्याला बसायला घरच ठेवलं न्हाय कुणी.” नव्या बंपरला सेन्सरची पट्टीच नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने तो केबल टायने रेडिएटरच्या वरच्या होजजवळ बांधून टाकला होता. इंजिनातलं उकळीच्या जवळ आलेलं पाणी ज्या नळीतून जातं तिच्या शेजारी बसून तो बिचारा बाहेरची हवा सांगत होता. मेकॅनिकने टाय कापला, हॉर्नच्या पट्टीला पत्र्याचा तुकडा जोडला आणि दाणा कंडेन्सरच्या पुढे, वाऱ्यात आणून बसवला. दोन किलोमीटरच्या आत मीटर १७ वर आला.

तेव्हापासून मी निदानाचा क्रम असाच धरतो: आधी जागा, मग तार, शेवटी सेन्सर. पुस्तकी क्रम वेगळा असतो, कारण पुस्तक स्कॅनरच्या कोडपासून सुरू होतं. हे कोड पी००७० ते पी००७४. त्यात एक फसवी गोष्ट आहे. पी००७२ म्हणजे संकेत खूप खाली आणि पी००७३ म्हणजे खूप वर, पण हे खाली-वर व्होल्टचं आहे, अंशांचं नव्हे. तारा एकमेकींना चिकटल्या तर व्होल्ट खाली जातात आणि तापमान प्रचंड दिसतं. तार तुटली तर व्होल्ट वर जातात आणि मीटर सैबेरिया दाखवतो. पी००७१ म्हणजे तार शाबूत, पण आकडा पटत नाही.

तुटलेल्या तारेचा ठसा म्हणजे उणे ४०. तुटल्या जागी रोध अनंत, म्हणजे संगणकाच्या समजुतीत टोकाची थंडी, आणि आकडा तक्त्याच्या तळाशी जाऊन बसतो. स्कॅनरच्या प्रमाणित भाषेत बाहेरचं तापमान शून्य ते २५५ या आकड्यांत पाठवतात आणि वाचताना त्यातून ४० वजा करतात. म्हणून तिथेही तळ उणे ४० हाच. हा आकडा सेल्सिअसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये एकच येतो, त्यामुळे परदेशातून आयात केलेल्या गाडीचा मीटर कोणत्या मापात आहे याचाही संभ्रम उरत नाही. पण हा आकडा नुसता शोभेचा राहत नाही. स्वयंचलित एसी असलेल्या काही गाड्यांत बाहेर गोठणबिंदूच्या आसपास आहे असं दिसलं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. भर मे महिन्यात एसी गार करत नाही म्हणून गॅस भरला जातो, कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं जातं, आणि दोष असतो उंदराने कुरतडलेल्या एका तारेचा.

घरी करता येण्याजोग्या दोन कसोट्या सर्वमान्य आहेत. पहिली पहाटेची. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्यावी आणि इंजिन सुरू न करता स्कॅनरवर तीन आकडे पाहावेत: इंजिनाच्या पाण्याचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेरचं. तिन्ही दोन-तीन अंशांच्या आत जुळायला हवेत. गाडीचा संगणक पी००७१ ठरवताना बऱ्याच अंशी हीच तुलना करतो. दुसरी कसोटी मल्टिमीटरची. सेन्सर काढून त्याचा रोध साधारण २५ अंशांना मोजायचा, मग बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून पुन्हा मोजायचा. काही गाड्यांत २५ अंशांचा रोध दोन हजार ओहमच्या आसपास असतो, काहींत दहा हजार. कंपनीचा तक्ता हाताशी नसला तरी बर्फातला आकडा सुमारे तिप्पट यायला हवा. दीडपट आला किंवा हललाच नाही, तर मणी गेला. नव्या काही गाड्यांत मात्र सेन्सर अंकी संकेत पाठवतो, तिथे मल्टिमीटर चालत नाही आणि कपलरमध्ये तार घालून जोडून पाहणं तर मुळीच करू नये.

हात लावावा की लावू नये

निगेबद्दल दोन तट आहेत. कंपन्यांच्या सर्व्हिस वेळापत्रकात हा भाग सहसा नसतो. त्यांचं म्हणणं असं की झिजत नाही त्याला हात लावू नये. दर वेळी काढला की प्लास्टिकचं लॉक ठिसूळ होतं आणि एक दिवस तुटतं. दुसरं मत धुळीच्या आणि चिखलाच्या मुलखातल्या मेकॅनिकांचं. कोकणातला तांबडा चिखल सेन्सरवर थापला गेला की तो दाण्याभोवती गोधडीसारखा बसतो. सुकला की आकडा उशिराने हलतो, ओला असला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी दाखवतो. म्हणून पावसाळा संपला की एकदा साध्या पाण्याने धुवावा आणि कपलर उघडून पाहावा.

माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, आणि त्याचं कारण चिखलापेक्षा कपलर जास्त आहे. त्या दोन पिनांवर हिरवट गंज चढला की जोडणीत जादा रोध येतो. रोध वाढला म्हणजे थंडी, असं संगणक समजतो, म्हणून गंजलेला कपलर नेहमी कमी तापमान सांगतो. समजा गंजाने शंभर ओहमची भर घातली. दहा हजार ओहमच्या सेन्सरमध्ये ती एक टक्का, म्हणजे पाव अंशाची चूक. कुणाला कळणारही नाही. दोन हजार ओहमच्या सेन्सरमध्ये तीच भर पाच टक्के होते आणि आकडा सव्वा-दीड अंश खाली येतो. गंज तेवढाच, फसवणूक वेगळी. हा बिघाड कोड देत नाही, वर्षानुवर्षं तसाच चालतो.

साफ करण्याच्या रीतीवर फारसा वाद नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप कपलरवर जवळून मारू नये, थिनर किंवा पेट्रोल लावू नये, पिनांसाठी इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. ग्रीसवर मात्र मतभेद आहेत. काही जण कपलर सिलिकॉन ग्रीसने भरून टाकतात, तर काहींच्या मते ते फक्त रबरी सीलला लावावं, पिनांवर थापू नये. कुरतडलेल्या तारांचंही तसंच. नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड एक पावसाळाही काढत नाही यावर एकमत आहे, पण सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी की दाबून जोडणारी क्लिप वापरावी, यावर दोन चांगले वायरमन एकमेकांशी सहमत होत नाहीत. समोर लावलेले बुलगार्ड, जादा लाइट, नंबरप्लेटची रुंद चौकट यांनी वारा अडत असेल तर ती हलवणं हाही निगेचाच भाग धरायला हवा.

अंशांवर उभा राहिलेला खटला

आता धूर. डिझेल इंजिनात जळालेला थोडा धूर परत आत फिरवला की नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. पण हवा थंड असली की त्या फिरणाऱ्या वायूत ओल धरते, काजळी साचते, झडपा चिकटतात. म्हणून कंपन्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची एक खिडकी ठेवली. तिच्या बाहेर धूर फिरवणं कमी करायचं. ही खिडकी उघडी की बंद, हे तापमानाच्या आकड्यावर ठरतं.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं धूरचाचणीतल्या फसवणुकीचं प्रकरण उघडकीस आल्यावर या खिडक्यांकडे युरोपात बारकाईने पाहिलं जाऊ लागलं. ऑस्ट्रियातून आलेल्या खटल्यांत युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ जुलै २०२२ रोजी निकाल दिला. १५ ते ३३ अंशांच्या आतच पूर्ण काम करणारी यंत्रणा ही कायद्याने मनाई असलेल्या फसव्या यंत्रणेत मोडते, असं त्यात ठरलं. उत्पादकांचा युक्तिवाद होता की हे इंजिनाच्या संरक्षणासाठी आहे. न्यायालयाचं म्हणणं असं की गाडी चालवताना ठोस धोका निर्माण होईल अशा तात्काळ हानीपुरतीच ती सवलत आहे, आणि वर्षाचा बहुतांश काळ धूर फिरवणं कमी करणाऱ्या यंत्रणेला अपवाद म्हणता येत नाही. अभियंत्यांतला एक गट अजूनही मानतो की थंड हवेतली काजळी ही खरी अडचण आहे आणि निकालाने तिला हलकं लेखलं. ग्राहक आणि पर्यावरण संघटनांना उलट वाटतं की प्रयोगशाळेतली चाचणी वीस-तीस अंशांना होते हे माहीत असूनच खिडकी तिथे बसवली गेली.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची धूरचाचणी लागू झाली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे हे काम असतं. चाचणीच्या वेळी बाहेरचं तापमान वेगळ्या, गाडीबाहेर लावलेल्या उपकरणाने मोजतात, गाडीच्या स्वतःच्या सेन्सरने नव्हे. कायद्याने या सेन्सरला किती पत दिली आहे, ते यावरून कळतं.

रस्त्यावरची वेधशाळा

हवामानशास्त्रज्ञांना मात्र हाच कमी पतीचा आकडा हवाहवासा वाटतो. वेधशाळेचा तापमापक स्टीव्हन्सनच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, दार उत्तरेला ठेवून बसवतात, म्हणजे पेटी उघडली तरी ऊन आत येत नाही. अशा पेट्या थोड्या आणि दूर दूर. गाड्या लाखो, आणि त्या नेमक्या रस्त्यावर असतात, जिथे धुकं आणि बर्फ यांचा अंदाज सगळ्यात जास्त लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने गाड्यांचे आकडे तपासून घेण्याची पद्धत विकसित केली. जर्मनीच्या हवामान खात्याने आउडीबरोबर प्रकल्प राबवला. ब्रिटनमध्येही हवामान कार्यालय आणि संशोधकांनी गाड्यांतून आकडे गोळा करून पाहिले. समर्थकांचा भरवसा संख्येवर आहे: एका गाडीची चूक मोठी असली तरी शंभर गाड्यांच्या चुका एकमेकींना छाटतात. शंका घेणारे म्हणतात, चुका आंधळ्या असतील तरच छाटल्या जातील. बंपरमागची धग, उन्हातला आरसा या चुका एकाच दिशेच्या, चढत्या. त्यांची सरासरी काढली तरी ती चढीच राहते. संथ आणि थांबलेल्या गाड्या वगळल्या तर हा आक्षेप बराच सौम्य होतो, पण पूर्ण जात नाही.

खऱ्या वेधशाळेलाही जागा आणि उपकरण छळतातच. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले. हवामान खात्याने तपासणी केल्यावर सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राचा ५६ चा आकडाही सेन्सरच्या बिघाडात गेला. मुंगेशपूरला तपासायला माणूस गेला. गाडीच्या सेन्सरकडे असा माणूस जात नाही.

अजून काय उरलं आहे

पहिला प्रश्न माहितीचा. सेन्सर नेमका कुठे आहे, त्याचा रोधाचा तक्ता काय, गाळणी कोणत्या वेगाला उघडते, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे नसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणं स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून १४ कारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; प्रकरण पुढे अपिलांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीत मोटारगाड्याही आहेत. कंपन्या सुरक्षिततेचं आणि बौद्धिक संपदेचं कारण पुढे करतात, आणि ब्रेक किंवा एअरबॅगच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. दोन तारांच्या दाण्याची जागा सांगण्यात मात्र मला धोका दिसत नाही.

दुसरा प्रश्न बंपरच्या कामाचा. विम्याच्या अंदाजपत्रकात बंपर, ग्रिल, क्लिपा, रंग यांना ओळी असतात. सेन्सर मूळ पट्टीवर परत बसवला का, हे विचारणारी ओळ मी अजून पाहिलेली नाही. काम करणाऱ्यांचं उत्तर असं की ते बंपरच्या मजुरीतच धरलेलं असतं. माझ्या होजला बांधलेल्या सेन्सरचीही मजुरी बंपरमध्येच धरली होती.

तिसरा प्रश्न इलेक्ट्रिक गाड्यांचा. तिथे बाहेरच्या तापमानाला जास्तच महत्त्व आलं आहे: उरलेल्या किलोमीटरांचा अंदाज, बॅटरी गार किंवा गरम ठेवणं, हीट पंप कसा चालवायचा, सगळं त्यावर. काही अभियंते म्हणतात, गाडी इंटरनेटला जोडलेलीच असते, तर हवामानाचा आकडा तिथूनच घ्या आणि सेन्सर काढून टाका. इतरांचं म्हणणं, ताम्हिणी घाटात रेंज नसते आणि पुण्याचा आकडा ताम्हिणीत चालत नाही. निदान पडताळ्यासाठी तरी सेन्सर हवाच. पडताळ्याची अडचण उलट्या बाजूनेही आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत पहाटे इंजिनाचं पाणी बाहेरच्या हवेइतकं निवलेलं असतं, म्हणून त्याच्याशी तुलना करून सेन्सर खरा की खोटा हे कळतं. इलेक्ट्रिक गाडीची काही शे किलोंची बॅटरी रात्रभरात निवतेच असं नाही, आणि रात्री चार्जिंगला लावली असेल तर पहाटे ती हवेपेक्षा गरमच असते.